ब्लाइंड तुटलं: बिल्डरला धरायचं की कंपनीला?

मागच्या पावसाळ्यात बेळगावात अनगोळला माझ्या मावसबहिणीच्या नव्या फ्लॅटमध्ये पंधरा दिवसांत दोन ब्लाइंड, म्हणजे खिडकीवरचे गुंडाळायचे पडदे, गेली. हॉलमधल्या झेब्रा ब्लाइंडची मण्यांची साखळी तुटली, आणि बेडरूममधलं आख्खं ब्लाइंड ब्रॅकेटसकट खाली आलं. हॉलचं तिने स्वतः खडेबाजारातून आणलेलं. बेडरूमचं बिल्डरने फ्लॅटबरोबर दिलेलं, करारात लिहून. तिने दोन्ही तक्रारी एकाच व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्ये साइट सुपरवायझरला पाठवल्या. उत्तर एका ओळीचं: "मॅडम, ब्लाइंडची वॉरंटी कंपनीकडे असते."

साखळीपुरता तो बरोबर होता. ब्रॅकेटच्या बाबतीत त्याने सरळ हात झटकले होते.

घोळ होतो तो 'वॉरंटी' या शब्दामुळे. आपण बिल्डरच्या जबाबदारीलाही वॉरंटी म्हणतो आणि दुकानातल्या कार्डालाही. बिल्डरची जबाबदारी कायद्याने येते. घरखरेदीदारांसाठीचा रेरा कायदा २०१६ चा, त्याचं कलम १४(३): ताब्याच्या तारखेपासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष, कामाच्या दर्जातला दोष किंवा करारात कबूल केलेल्या गोष्टीतली कसूर कळवली, तर बिल्डरने ती ३० दिवसांत, एक पैसा न घेता दुरुस्त करून द्यायची. नाही दिली तर भरपाई मागता येते. कंपनीची वॉरंटी म्हणजे कंपनीने स्वतः घातलेल्या अटी. ब्लाइंडवर ती बहुधा वर्षभराची असते, मालातल्या दोषापुरती. उन्हाने रंग उडाला, पोराने साखळीला लोंबकळून क्लच (साखळी ओढली की ब्लाइंड वरखाली करणारा भाग) मोडला, तर ती लागू होत नाही.

आणखी एक फरक आहे, तो फारसा कुणी पाहत नाही. बिल्डरची पाच वर्षं ताब्यापासून मोजतात. कंपनीचं वर्ष सहसा बिलाच्या तारखेपासून. बिल्डर ब्लाइंड घाऊक आणून ठेवतो, ताबा लांबतो, आणि किल्ली तुमच्या हातात पडते तेव्हा कार्डावरचं वर्ष कधीच सरलेलं असतं. म्हणून ताबा घेतानाच बिल आणि कार्ड मागून घ्यावं. पेढ्यांच्या गडबडीत हे राहूनच जातं.

मी बेडरूमच्या खिडकीखाली स्टूल ठेवून भोक पाहिलं. स्क्रूचा प्लॅस्टिकचा गट्टू अख्खाच बाहेर आला होता आणि त्याला चिकटलेलं प्लास्टर बोटाने चोळलं की वाळू होऊन गळत होतं. ब्लाइंडचं कापड, दांडा, क्लच सगळं शाबूत. सिमेंट कमी पडलेल्या किंवा पाणी नीट न मारलेल्या भिंतीला ब्लाइंडची कंपनी काय करणार? ते काम बिल्डरचं. म्हणजे वस्तू कोणती मोडली यापेक्षा ती कशामुळे मोडली हे आधी बघायचं, आणि पुन्हा उचलून लावण्याआधी फोटो काढायचे.

आपल्याकडे तिसराही प्रकार होतो. पश्चिमेकडच्या खिडकीवर झडीचा मारा बसतो, फ्रेम आणि भिंत यांच्यातलं सिलिकॉन नीट भरलेलं नसतं, ओल आत झिरपते आणि तुम्ही हौसेने आणलेल्या ब्लाइंडवर बुरशीचे ठिपके येतात. ब्लाइंड तुमचं, पण गळती बिल्डरची. गळती त्याने बंद करून द्यायलाच हवी. ब्लाइंडचे पैसे मात्र भरपाई म्हणून वेगळे मागावे लागतात, आणि ओल तिथूनच आली हे दाखवावं लागतं.

आता करार. तो इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये, आणि आमच्यातले बरेच जण शेवटच्या पानावर सही करून मोकळे होतात. खरी गोष्ट मागच्या जोडपत्रात असते: खिडकी कशाची, जाळी आहे का, ब्लाइंड दिलंय का. तिथे नाव नसेल तर बिल्डर ब्लाइंड देणं लागत नाही. मात्र सॅम्पल फ्लॅटमध्ये ब्लाइंड लटकवून 'असंच मिळेल' असं सांगितलं असेल, तर रेराचं कलम १२ आहे. नमुना फ्लॅटमधल्या खोट्या माहितीवर विसंबून नुकसान झालं तर भरपाईची सोय त्यात आहे. तेव्हा सॅम्पल फ्लॅटचेही फोटो काढून ठेवा, लोक हसले तरी.

तक्रार कुठे करायची ते फ्लॅट कुठे आहे त्यावर ठरतं. तुम्ही कुठले याला महत्त्व नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीतला फ्लॅट कर्नाटक रेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे. निपाणीकराने कोल्हापुरात घेतलेला महाराष्ट्राच्या महारेराकडे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, खिडकीच्या दाव्याला तेवढं थांबायची गरज नाही. पण गल्लीतल्या छोट्या अपार्टमेंटचं काय? जागा ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा फ्लॅट आठापेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाला रेरा नोंदणीची सक्ती नाही. जुन्या वस्तीत अशा इमारती भरपूर. तिथे, आणि ब्लाइंडच्या कंपनीविरुद्धही, ग्राहक आयोगाचा रस्ता जास्त सरळ. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी मुंबईची असली तरी. मुदत दोन वर्षांची.

माझ्या मते रेरापर्यंत जाण्याआधी एक साधं पत्र पुष्कळ काम करतं. बहिणीने मग दोन तक्रारी वेगळ्या केल्या. बिल्डरला फोटोसह ईमेल आणि रजिस्टर पोस्टाने पत्र, त्यात ताब्याची तारीख आणि कलम १४(३). ब्लाइंड हा शब्द मुद्दाम एकदाच, 'प्लास्टर' चार वेळा. बाविसाव्या दिवशी गवंडी आला, भोकं फोडून सिमेंटने भरली आणि दोन दिवसांनी लांब फास्टनर मारून ब्रॅकेट बसवून गेला. साखळी खडेबाजारातल्या दुकानदाराने तोंड वाकडं करून का होईना, फुकट बदलून दिली. बिल आधी पाहिलं त्याने. वॉरंटी संपायला अकरा दिवस होते.