चौरस हा आयत असतो का?

कागदावर एक चौरस काढा आणि कागद फिरवून तो एका कोपऱ्यावर उभा करा. आता हा चौरस राहिला नाही, पत्त्यांतली चौकट झाली, असं लहान मुलं अगदी ठामपणे सांगतात. भुजा त्याच, कोन तेच, फक्त ठेवण बदलली. डोळा ठेवण बघतो. व्याख्या मात्र भुजा आणि कोन सोडून इकडेतिकडे बघत नाही.

आयताची व्याख्या काय? चारही कोन काटकोन असलेला चौकोन. (खरं तर तीन काटकोन सांगितले तरी पुरतं. चौकोनाच्या कोनांची बेरीज 360 अंश, म्हणून चौथा आपोआप 90 चा होतो.) लांबी रुंदीपेक्षा जास्त हवी, असं यात कुठेही नाही. ते आपण चित्रं पाहून मनानंच जोडलेलं असतं. त्यामुळे चौरस हा आयतच, फक्त चारही भुजा सारख्या असलेला.

ग्रीक गणिती युक्लिडनं मात्र इ.स.पू. 300 च्या सुमारास वेगळी वाटणी केली होती. त्याच्या आयताच्या चारही भुजा सारख्या असून चालत नसे. समद्विभुज त्रिकोणाच्याही दोनच भुजा सारख्या हव्यात. तिसरी जुळली की तो त्या गटातून बाहेर. ही चूक नव्हती, कारण व्याख्या हा ठराव असतो. प्रश्न एवढाच, की कोणता ठराव जास्त कामाचा?

मला आजचा ठराव जास्त आवडतो. 8 सेंटिमीटर लांब, 5 रुंद आयत घ्या आणि लांबी हळूहळू कमी करत न्या. 7, 6, साडेपाच... कर्ण एकमेकांएवढेच राहतात, एकमेकांना दुभागत राहतात. लांबी बरोबर 5 झाली त्या क्षणी यातलं काहीच मोडत नाही, मग आयत हे नाव का काढून घ्यायचं? उलट आकृतीला आणखी एक घर मिळतं. चारही भुजा सारख्या झाल्यानं ती समभुज चौकोनही ठरते आणि त्याचा गुण तिच्याकडे येतो: कर्ण काटकोनात छेदतात. आयताबद्दल एक गोष्ट सिद्ध केली की चौरसासाठी ती पुन्हा सिद्ध करावी लागत नाही.

समलंब चौकोनावर मात्र अजून एकमत नाही. काही पुस्तकं समांतर भुजांची 'एकच' जोडी मागतात, काही 'निदान एक'. पहिल्या व्याख्येनं समांतरभुज चौकोन बाहेर राहतो, दुसरीनं आत येतो.