‘हे ऐकून बघ’ची पार्श्वभूमी

मराठीत ‘ऐकणे’ आणि ‘ऐकवणे’ ही दोन क्रियापदे आहेत, आणि पुण्यातल्या संगीतवेडाचा इतिहास बराचसा दुसऱ्या क्रियापदाचा आहे. आपल्याला आवडलेले गाणे दुसऱ्यालाही आवडले पाहिजे, हा हट्ट नवा नाही. मात्र ते गाणे काखोटीला मारून त्याच्या घरी नेता येऊ लागले, त्याला फार तर सव्वाशे वर्षे झाली असतील. त्याआधी गाणे ऐकवायचे म्हणजे माणसालाच गाण्याकडे न्यावे लागे. शिकलेल्या पांढरपेशांना गाणे ऐकण्याची गोडी लागावी, यासाठी १८७४ मध्ये येथे पूना गायन समाज निघाला, आणि १९११ मध्ये भास्करबुवा बखले यांनी भारत गायन समाजाची स्थापना केली.

दरम्यान तबकडी आली होती. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग याने कलकत्त्यात गायिका गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळच्या तबकड्यांत गाणे संपताच कलावंत स्वतःचे नाव सांगताना ऐकू येतात, कारण तबकड्यांचे छापकाम जर्मनीत होई आणि कोण गायले आहे हे तिथल्या कारागिरांना कळणे भाग होते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. तासभर चालणारा ख्याल त्यात बसवताना आलाप आखडता घ्यावा लागे आणि तानेला घाई होई. ही केवळ तडजोड होती असे मात्र मला वाटत नाही. तीन मिनिटांत राग उभा करण्याची जी कला अब्दुल करीम खाँसाहेबांनी साधली, तिच्यामुळेच त्यांचे गाणे मैफलीत कधीही पाऊल न टाकणाऱ्यांपर्यंत पोहोचले.

खाँसाहेबांच्या झिंझोटी रागातल्या ‘पिया बिन नहीं आवत चैन’ या ठुमरीची तबकडी भीमसेन जोशी यांनी लहानपणी ऐकली, आणि असे गाणे शिकायचेच या ओढीने १९३३ मध्ये घर सोडले. पुढे त्यांना गुरू लाभले ते खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व. गुरूंचे १९५२ मध्ये निधन झाल्यावर दुसऱ्याच वर्षी भीमसेनांनी पुण्यात त्यांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू केला. एका तबकडीचा एवढा दूरवरचा परिणाम दुसरीकडे क्वचितच दाखवता येईल.

पाश्चात्त्य अभिजात संगीतापुढे तीन मिनिटांची हीच अडचण वेगळ्या रूपात आली. तिथे रचना आखडण्याऐवजी तिचे तुकडे केले गेले. आर्थर निकिश यांनी बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदासह १९१३ मध्ये मुद्रित केलेली बेथोव्हेनची पाचवी सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची दीर्घ रचना, आठ बाजूंवर विभागलेली होती. अशा तबकड्या फोटोंच्या वहीसारख्या बांधलेल्या पाकिटांत ठेवल्या जात. ‘अल्बम’ हा शब्द संगीतात आला तो त्या वहीमुळे. १९४८ मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली, एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावू लागली आणि वहीची गरज संपली, पण शब्द टिकला.

पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले आणि ऐकवणारा एक, ऐकणारे हजारो, अशी स्थिती आली. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गीते ऐकायला, घरी रेडिओ नसलेले लोक शेजारच्या ओटीवर जाऊन बसत.

फिलिप्सने कॅसेट १९६३ मध्ये बाजारात आणली, तरी आपल्याकडे ती घरोघरी गेली १९८०च्या आसपास. देवाणघेवाणीचा खरा बहर हाच. खासगी बैठकांची स्पूलवर, म्हणजे मोठ्या रिळाच्या टेपवर, केलेली ध्वनिमुद्रणे कॅसेटवर उतरली आणि प्रतीवरून प्रत निघत गेली. प्रत्येक प्रतीगणिक खरखर वाढे. माझ्याकडे अशी एक सी-९०, म्हणजे नव्वद मिनिटांची कॅसेट, अजून आहे. तिच्या कागदावर राग, ताल, साथीदार आणि तारीख बारीक अक्षरात लिहिलेली असून, खाली लाल शाईत ‘पुढे देऊ नये’ अशी सूचना आहे. अर्थात माझ्याकडे आलेली प्रत चौथी किंवा पाचवी असावी. पंचेचाळिसाव्या मिनिटाला ऐन तानेत बाजू संपते, आणि दुसरी बाजू सुरू होते ती समेनंतर (तालाची पहिली मात्रा उलटून गेल्यावर), कारण कॅसेट उलटायला लागलेला वेळ गवयाने दिलेला नव्हता.

त्यानंतरचे टप्पे भराभर आले: सीडी, एमपीथ्री, पेन ड्राइव्ह. २०१० मध्ये पुण्यातच एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला आणि स्वतंत्र बँडचे ताजे अल्बम ऐकणाऱ्या तरुणांनाही एकत्र जमण्याचे ठिकाण मिळाले. २०१९ मध्ये इंटरनेटवरून गाणी ऐकवणारे स्पॉटिफाय भारतात आले. आता सिम्फनी असो वा अख्खी मैफल, पाठवण्याला लांबीची अट उरलेली नाही. आणि तरीही सत्तर मिनिटांचा यमन राग व्हॉट्सॲपवर पाठवणारा पुणेकर लिंकखाली हटकून लिहितो: ‘२३:४०पासून तीन मिनिटे ऐक.’