सॉफ्टवेअर मोडेम (सोर्सवरून बिल्ड करून चालवणं)

सॉफ्टवेअर मोडेम म्हणजे मोडेमचं डबडं न घेता त्याचं काम प्रोग्रामकडून करून घेणं. मोडेम तरी काय करतो, बिट्सचा आवाज करतो आणि आवाजाचे परत बिट्स (मॉड्युलेटर-डिमॉड्युलेटर, त्यावरूनच नाव), आणि एवढं काम आजचा कुठलाही लॅपटॉप करतो. मध्ये टेलिफोनच्या तारेऐवजी एक वेव्ह फाइल ठेवली की झाला सिम्युलेटर, पाठवणारेही आपण आणि घेणारेही आपणच.

कल्पना जुनीच आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी स्वस्त पीसींमध्ये विनमोडेम यायचे, त्यातल्या बऱ्याचशांत सिग्नलचं गणित करणारी चिपच नसायची, सगळा भार सीपीयूवर (कॉम्प्युटरच्या मुख्य प्रोसेसरवर), आणि ड्रायव्हर बहुतेक वेळा फक्त विंडोजचा, त्यामुळे लिनक्सवाल्यांनी त्यांना भरपूर शिव्या घातल्यात. एफएफएमपेग (व्हिडिओ-ऑडिओ रूपांतर) आणि क्यूईएमयू (मशीन एम्युलेटर) हे प्रोग्राम सुरू करणारे फाब्रिस बेलार यांनी त्या काळात लिनमोडेम नावाचा ओपन सोर्स प्रकल्प केला होता. आज हात घालायचा असेल तर मात्र मिनिमोडेम घ्या. कमाल मोस्तफा यांनी सी भाषेत लिहिलाय, जीपीएल लायसन्स आहे, आणि तो फक्त एफएसके करतो, म्हणजे १ साठी एक सूर, ० साठी दुसरा. बेल १०३ हे एटी अँड टीचं १९६२ चं ३०० बॉडचं (इथे बॉड म्हणजे सेकंदाला तेवढे बिट्स) जुनं स्टँडर्ड, त्यात फोन करणाऱ्याचे सूर १२७० आणि १०७० हर्ट्झ. बेल २०२ मध्ये १२०० बॉड, सूर १२०० आणि २२००. हॅम रेडिओवाले (हौशी रेडिओवाले) एपीआरएससाठी, म्हणजे रेडिओवरून ठावठिकाणा आणि छोटे संदेश पाठवायच्या पद्धतीसाठी, अजून हेच दुसरं वापरतात.

बिल्ड करणं, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणं, अवघड नाही पण पहिल्यांदा अडकायला होतंच. गिटवरून कोड आणला तर त्यात कॉन्फिगर स्क्रिप्ट (मशीनवर लागणाऱ्या गोष्टी आहेत का ते तपासणारी) नसते, आधी ऑटोरीकॉन्फ चालवायचं, मग कॉन्फिगर, मग मेक. डेबियन-उबुंटूवर एफएफटीडब्ल्यू (आवाजातले सूर वेगळे काढायचं गणित करणारी लायब्ररी), लिबसाउंडफाइल (ऑडिओ फाइलींसाठी), अल्सा आणि पल्सऑडिओ (साउंड कार्डसाठी) यांची डेव्ह पॅकेजेस लागतात, नुसती लायब्ररी असून भागत नाही, हेडर फाइली हव्यात. सगळ्यात जास्त जण अडकतात ते एफएफटीडब्ल्यूपाशी, कारण मिनिमोडेमला तिची सिंगल प्रिसिजनवाली (कमी अचूकतेच्या, 'फ्लोट' आकड्यांची) आवृत्ती लागते आणि ती लायब्ररी स्वतः सोर्सवरून बांधली असेल तर फ्लोटचा पर्याय आठवणीने द्यावा लागतो, नाहीतर लायब्ररी डोळ्यासमोर असून कॉन्फिगर म्हणतं सापडली नाही. शेवटी मेक चेक चालवा, टेस्ट पास झाल्या की पुढे.

आता चालवून बघू. टर्मिनलवर इको कमांडने 'नमस्कार' मिनिमोडेमकडे पाइप केलं, टीएक्स (पाठवायचा) मोड, वेव्ह फाइलचं नाव, बॉडरेट १२००, म्हणजे बेल २०२ चे सूर. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत) ३ बाइटचं, आणि 'नमस्कार' मध्ये हलन्त आणि काना धरून ७ चिन्हं, म्हणजे २१ बाइट, वर ओळ संपल्याचा १, झाले २२. प्रत्येक बाइटमागे एक स्टार्ट बिट आणि एक स्टॉप बिट धरून १० बिट्स, म्हणजे २२० बिट्स. १२०० वर हे ०.१८ सेकंदात उरकतं, ३०० वर पाऊण सेकंद लागतं. ४८००० सॅम्पल रेटला (सेकंदाला एवढ्या वेळा आवाज मोजला तर) एका बिटला ४० सॅम्पल मिळतात. फाइल ऑडॅसिटीत (आवाज एडिट करायचा प्रोग्राम) उघडून झूम केली तर १ च्या जागी बरोब्बर एक लाट दिसते आणि ० च्या जागी पावणेदोनपेक्षा थोडी जास्त. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुस्तकातल्या आकृत्या लागत नाहीत.

तीच फाइल आरएक्स (ऐकायच्या) मोडला दिली की 'नमस्कार' परत येतं, आणि कॅरियर (मोडेमचा सूर) सापडला-गेला याच्या ओळी, कॉन्फिडन्सच्या आकड्यासकट, एसटीडीएररवर (संदेशांच्या वेगळ्या आउटपुटवर) येतात त्यामुळे मजकूर स्वच्छ राहतो. गंमत बघायची तर दोन्ही बाजूंना ७ बिट्स सेट करा. देवनागरीच्या प्रत्येक बाइटचा वरचा बिट १ असतो, तोच कापला जातो, आणि 'न' च्या जागी बॅकटिक, डॉलर आणि उघडा कंस एवढंच उरतं.

वेव्ह फाइल सोडून एका लॅपटॉपच्या स्पीकरवरून दुसऱ्याच्या माइकवर गेलात की खरी मजा (आणि त्रास). मी पहिल्यांदा केलं तेव्हा अर्धा तास नुसता कचरा येत होता, मग कळलं की माइकचं नॉइज सप्रेशन चालू आहे आणि ते माझे सूरच गोंगाट समजून पुसतंय. दुसरा घोळ भिंतींचा. १२०० बॉडला एक बिट हवेत जेमतेम २८ सेंटिमीटर लांब असतो, म्हणजे टेबलावरून उलटलेला आवाजसुद्धा पुढच्या बिटावर जाऊन पडतो. ३०० ला तोच बिट मीटरभराहून मोठा, म्हणून खोलीत ३०० च बरं.

याच्यावर इंटरनेट जोडता येईल का असं हमखास विचारतात. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने आपल्याकडे पब्लिक इंटरनेट सुरू केलं आणि पुढे घराघरात जो डायल-अपचा किर्रर्र आवाज ऐकला तो मिनिमोडेमचा प्रांत नाही. व्ही.३४ सारख्या वेगवान मोडेममध्ये सुराची फेज (लाट कुठून सुरू होते) आणि अॅम्प्लिट्यूड (लाटेची उंची) दोन्ही बदलतात, शिवाय लाइनचा एको, म्हणजे परत येणारा आपलाच आवाज, काढून टाकावा लागतो. मिनिमोडेम एका वेळी एकाच दिशेने बोलतो, चूक दुरुस्तही करत नाही.

आवाज नकोच, फक्त मोडेमचं वागणं हवं असेल तर टीसीपीसर नावाचा प्रोग्राम आहे, जिम ब्रेन यांचा. कमोडोरसारख्या जुन्या घरगुती कॉम्प्युटरला वाटतं सिरियल पोर्टवर १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमच्या वळणाचा मोडेम बसलाय, प्रत्यक्षात पलीकडे टीसीपी, म्हणजे नेटवर्कवरचं कनेक्शन. एटीडीटी (नंबर फिरवायची कमांड) लिहून फोन नंबरऐवजी होस्ट आणि पोर्ट द्यायचा, बाहेरून कनेक्शन आलं की रिंग छापून येतं, एटीए दिलं की उचलला. फोन ठेवायचा तर आधी तीन अधिकचिन्हं देऊन कमांड मोडमध्ये यायचं, त्यांच्या आधी आणि नंतर सेकंदभर काही टाइप करायचं नाही, नाहीतर ती तीन चिन्हं मजकूर म्हणूनच पलीकडे जातात आणि लाइन चालूच राहते.