बोर्ड पाच मायक्रॉनचा, रॉड पाव मिलिमीटरचा

चवथीच्या मखरासाठी लाकडाची जाळी कापून घ्यायला गेलो आणि भाव ऐकून तसाच परत आलो, हे खूळ तिथून सुरू झालं. म्हटलं जाळी कापणारी सीएनसी मशीनच बनवू. गोव्यात फोंड्याजवळ घर, मागची पडवी रिकामी, आणि व्हिडिओ बघून वाटतं की मोटर, बोर्ड, चार रॉड आणले की झालंच. झालं नाही, पण का झालं नाही त्यातच सगळी गंमत आहे.

सीएनसी मिलिंग म्हणजे फिरणारं कटर एक्स, वाय, झेड अशा तीन दिशांना हलवायचं, आणि हलवणारा हात माणसाचा नाही तर कॉम्प्युटरचा. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवायचे, त्या वळणदार आकारासाठी शेकडो बिंदूंचे आकडे मशीनला भरवायचे असं त्यांच्या डोक्यात आलं, आणि १९५२मध्ये एमआयटीने भोकं पाडलेल्या कागदी टेपवर चालणारी मिलिंग मशीन करून दाखवली. तिच्या कंट्रोलरने खोलीचा मोठा कोपरा अडवला होता. माझ्याकडे तेच काम आर्डुइनो ऊनो नावाचा छोटा बोर्ड करतो, १६ मेगाहर्ट्झची चिप आणि रॅम २ केबी, म्हणजे मोबाइलमधला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. त्यावर जीआरबीएल नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालतं.

एवढीशी चिप तिरकी रेष कशी काढते हे मला आधी कळेना, कारण मोटर तर ठरावीक मापाची पावलंच टाकते, मधे कुठे थांबत नाही. समजा एक्सला १०० पावलं जायचंय आणि त्याच वेळात वायला ३७. पसऱ्यावरच्या, म्हणजे किराणा दुकानातल्या, उधारीच्या वहीसारखं करायचं, एक्सच्या दर पावलाला वायच्या खात्यात ३७ पैसे लिहायचे, खात्यात रुपया भरला की वायने एक पाऊल टाकायचं आणि खात्यातून रुपया वजा करायचा, उरलेले पैसे पुढे ओढायचे. शंभर पावलांत बरोबर ३७ पावलं पडतात आणि भागाकार एकदाही करावा लागत नाही, नुसती बेरीज-वजाबाकी. १९६२च्या सुमारास आयबीएममध्ये जॅक ब्रेसनहॅम यांनी प्लॉटरसाठी ही युक्ती काढली, आणि माझ्या पडवीत अजून तीच चालते.

आता हिशोब बघा. स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. मोटरला करंट देणारा ड्रायव्हर एकेका पावलाचे ८ तुकडे करतो, झाले १६००. लीड स्क्रू, म्हणजे कटर सरकवणारा आट्यांचा लांब दांडा, एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकवतो, म्हणजे मिलिमीटरला २०० पावलं, एक पाऊल ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरा. मी तर हरखूनच गेलो, केसाचा चौदावा भाग!

पहिली जाळी कापली तेव्हा कमळाच्या पाकळ्या एकमेकींवर चढलेल्या. याची कारणं दोन निघाली. एक, मोटरने पावलं चुकवली. स्टेपर जोरात फिरवली की तिच्या कॉइलमध्ये करंट चढायलाच वेळ मिळत नाही, ताकद कमी पडते, आणि कटर अडकलं की पावलं गळतात, बोर्डाला मात्र कळत नाही कारण मोटर खरंच तिथे पोचली का हे तो विचारतच नाही, हुकूम सोडला की काम झालं असं धरून चालतो. १२ व्होल्टच्या जागी २४ व्होल्टचा सप्लाय लावला, वेग एकदम न वाढवता हळूहळू चढवला, मग ते थांबलं.

दुसरं कारण काही मला सापडत नव्हतं. उसगावकडे एक टर्नर काका आहेत, खाणी चालू असताना ट्रकांचे बुश आणि पिना लेथवर करून द्यायचे. २०१२ला खाणी थांबल्या, नंतर सुरू झाल्या, मग २०१८ला सुप्रीम कोर्टाच्या निकालाने परत बंद, तेव्हापासून लेथ बऱ्यापैकी रिकामा. त्यांना घरी आणलं. त्यांनी कॉम्प्युटरकडे बघितलंसुद्धा नाही. राउटर, म्हणजे कटर फिरवणारी मोटर, हाताने धरून हलवला आणि म्हणाले, "बाब, हाका वजनच ना. हें नाचतलें." म्हणजे याला वजनच नाही, हे नाचणार.

रात्री बसून आकडेमोड केली. ज्यांवर कटर सरकतं ते माझे रॉड १२ मिलिमीटर जाडीचे, ५०० लांब, दोन्ही टोकांना टेकलेले. मधोमध दोन किलोचा जोर पडला की असा एक रॉड पाव मिलिमीटर लवतो. दोन रॉड भार वाटून घेतात म्हणून अर्धं धरा, तरी सव्वाशे मायक्रॉन झालेच. म्हणजे बोर्ड पाच-पाच मायक्रॉनचा हिशोब लिहितोय आणि खालचा रॉड त्याच्या पंचवीस पट वाकतोय! रॉडचा बाक जाडीच्या चौथ्या घाताने कमी होतो आणि लांबीच्या तिसऱ्या घाताने वाढतो, म्हणून जाडी १२ची २० केली की रॉड पावणेआठ पट ताठ होतो. मोटर बदलून हे कधीच मिळालं नसतं. सगळे विचारतात कुठली मोटर, कुठला बोर्ड, रॉड केवढा ते कोणीच विचारत नाही.

मग २० मिलिमीटरच्या, खालून पूर्ण आधार असलेल्या रेल आणल्या. आणि वजनासाठी किचनच्या ओट्याचा उरलेला ग्रॅनाइट, दोन तुकडे इपॉक्सीने एकावर एक चिकटवून, पन्नास किलोच्या आसपास. जांभा चालला नसता, सगळा भोकाभोकांचा. ग्रॅनाइट जड असतो, थरथर गिळतो, आणि गोव्यात सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गंजत नाही. महागड्या मोजमापाच्या मशिनींचे ओटेसुद्धा ग्रॅनाइटचेच असतात. अर्थात ओट्याची पॉलिश म्हणजे सपाटी नव्हे, रेलखाली कोल्डड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून घातला, तो साधारण ०.१ मिलिमीटर असतो. गुण्यात, म्हणजे काटकोनात, बसवायला दोन्ही कर्ण मोजून सारखे केले, आमचे गवंडी पाया आखताना करतात तेच.

कापताना फीड, म्हणजे कटर पुढे सरकायचा वेग, कमी ठेवला की काम सफाईदार होईल असं मला वाटायचं, पण उलटंच होतं. मिनिटाला १२ हजार फेरे, कटरला दोन धारा, दर धारेला ०.०५ मिलिमीटरचा छिलका, म्हणजे मिनिटाला १२०० मिलिमीटर चालायला हवं. त्यापेक्षा फार हळू गेलात की धार कापत नाही, घासते, छिलक्याबरोबर जायची उष्णता कटरमध्येच राहते आणि फणसाचं लाकूड काळं पडून वास सुटतो. (मास्क लावा. एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची, भुकटी छातीत गेलेली बरी नाही.)

पावसाचं वेगळंच. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो इथे, जूनमध्ये वरचा एमडीएफचा बेड फुगतो, स्क्रूवर तेल नसेल तर आठवड्यात तांबूस. आता प्रत्येक मोठ्या कामाआधी मशीन स्वतःचाच बेड अर्धा मिलिमीटर तासून घेते.

जाळी झाली, मखरात लागली पण. मग हौसेने २० मिलिमीटरचा गोल कापला आणि उसगावला नेऊन काकांच्या हातात दिला. त्यांनी काही न बोलता कडेवरून नख फिरवलं, एका जागी थांबले आणि म्हणाले, "हांगा." म्हणजे इथे. एक्सची मोटर जिथे उलटी फिरायला लागते बरोबर तीच जागा. स्क्रू आणि नटमध्ये थोडी ढिलाई असते, दिशा बदलली की आधी ती भरून निघते आणि तेवढा वेळ कटर एक्स दिशेत जागेवरच, म्हणून गोल तिथे चपटा. घरी येऊन डायल गेज, म्हणजे बारीक अंतर मोजायचं घड्याळ, लावला. ०.०६ मिलिमीटर निघालं. स्प्रिंगने दोन्ही बाजूंना दाबून बसणारा नट मागवलाय, अजून आला नाही.