नव्या डिस्कची जुनी दुखणी

"भाऊ, नवी डिस्क टाकली, तरी पीसी काऊन रांगून रायला?" विदर्भातल्या तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात हा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. पूर्वी तक्रार हार्ड डिस्कची असायची आणि एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी फ्लॅश मेमरीच्या चिपांवर माहिती ठेवणारी सॉलिड स्टेट ड्राइव्ह, हा तिच्यावरचा उतारा होता. आता उताऱ्याचीच तक्रार येते. मग मोबाइलवर सल्ले शोधले जातात: डीफ्रॅग करा (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावा), पेजफाइल (मेमरी कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) बंद करा, इंडेक्सिंग (शोधासाठी फाइलींची यादी करून ठेवणं) काढून टाका. यातले बरेचसे सल्ले २००८ ते २०१० च्या काळातले, तेव्हाच्या डिस्कांना लागू पडणारे. डीफ्रॅग तर त्याही आधीचं, हार्ड डिस्कच्या जमान्यातलं.

एसएसडी मंदावण्याची कारणं एका वेळी आलेली नाहीत, टप्प्याटप्प्याने आली. आपल्याकडची पंचाईत अशी की एकाच डब्यात हे सगळे टप्पे नांदत असतात. बोर्ड २००८ चा, विंडोज जुन्या डिस्कवरून उचलून आणलेलं आणि एसएसडी गेल्या दिवाळीत नागपूरहून मागवलेली.

हार्ड डिस्कचं गणित सरळ होतं. मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीला अर्धी फेरी मारायलाच साडेपाच मिलिसेकंद लागतात, वर डोकं सरकायचा वेळ वेगळा. सेकंदाला शंभर वेगवेगळ्या जागाही ती धड गाठू शकत नाही. फ्लॅशमध्ये फिरणारं काहीच नाही. जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात फ्लॅश मेमरी शोधली आणि १९८७ मध्ये तिचा नँड प्रकार जगासमोर आला. आजच्या एसएसडीत तोच असतो. १९९१ मध्ये सँडिस्कने २० एमबीची एसएसडी तयार केली, किंमत सुमारे हजार डॉलर. घरगुती पीसीत ती खऱ्या अर्थाने शिरली ती २००८ मध्ये इंटेलची एक्स२५-एम आल्यावर.

फ्लॅशची एक खोड मात्र जन्मापासूनची आहे. लिहिता येतं लहान पानावर, पण पुसायचा तो अख्खा ब्लॉक, आणि एका ब्लॉकमध्ये अशी शेकडो पानं. वाफ्यातलं एक रोप बदलायला सगळा वाफा उपटून पुन्हा लावावा, तसला हा कारभार. म्हणून डिस्कमधला कंट्रोलर जुन्या जागी न लिहिता नव्या कोऱ्या जागी लिहितो, जुनी जागा रद्दी म्हणून नोंदवतो आणि सवड मिळेल तशी ती साफ करतो. कोरी जागा संपली की लिहिणं सफाईसाठी अडून बसतं. जेमायक्रॉनच्या जेएमएफ६०२ कंट्रोलरवरच्या स्वस्त डिस्का २००८ मध्ये याच पायी बदनाम झाल्या. छोट्या छोट्या फाइली लिहिताना सगळा संगणक क्षणभर गोठून जायचा. "लिहिणं कमी करा" हे सगळे सल्ले त्या काळात रुजले.

त्यात भर अशी की आपण फाइल डिलीट केली तरी डिस्कला ते कळतच नव्हतं. विंडोज फक्त आपल्या यादीतून नाव खोडायचं आणि डिस्क बिचारी ती रद्दी जिवापाड सांभाळत बसायची. हा निरोप पोचवणारी आज्ञा म्हणजे ट्रिम. ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर ती आली, लिनक्समध्ये फेब्रुवारी २०१० च्या २.६.३३ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा). त्याआधीच्या विंडोज एक्सपी आणि व्हिस्टाला ती कधीच मिळाली नाही. विंडोज ८ पासून 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' हे काम आठवड्याला आपणहून करतं, पण संगणक चालू आणि रिकामा असेल तर. सेवा केंद्रातला पीसी रिकामा कधी असतो? लाइन आहे तोवर उत्पन्नाचे दाखले आणि सातबारे, काम संपलं की मेन स्विचच बंद. अशा ठिकाणी ती खिडकी उघडून हातानेच बटण दाबलेलं बरं. तिथे डिस्कसमोर 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' लिहिलंय ना, हेही तेव्हाच पाहून घ्यावं.

बोर्डाचा इतिहास वेगळा. आपल्याकडच्या जुन्या असेंबल्ड पीसींत इंटेलच्या जी३१ आणि जी४१ चिपसेटचे बोर्ड अजून सापडतात. त्यांच्या साध्या आयसीएच७ चिपला एएचसीआय (डिस्कशी बोलायची नवी पद्धत) येत नाही आणि साटाचा, म्हणजे डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या वाटेचा, वेग सेकंदाला ३ गिगाबिटवर थांबतो. खोक्यावर सेकंदाला ५५० एमबी लिहिलेल्या डिस्कमधून तिथे २७० च्या आसपास निघाले तर डिस्कला दोष देऊ नये. तरीही हार्ड डिस्कपेक्षा फरक जमीन-अस्मानाचा पडतो, त्यामुळे तेवढ्यासाठी बोर्ड बदलण्यात मला अर्थ दिसत नाही. जुन्या विंडोजचाही असाच वारसा आहे. एक्सपी पहिलं पार्टिशन (डिस्कचा कप्पा) ६३ व्या सेक्टरपासून सुरू करायचं आणि ते फ्लॅशच्या पानांशी जुळत नाही. व्हिस्टापासून सुरुवात १ एमबीवर गेली. एक्सपीच्या काळातली डिस्क जशीच्या तशी क्लोन केली, म्हणजे नव्या डिस्कवर हुबेहूब उतरवली, की ही चूकही नव्या डिस्कवर येते.

आजच्या बहुतेक तक्रारींचं मूळ मात्र स्वस्ताईत आहे. फ्लॅशच्या एका पेशीत, म्हणजे माहिती साठवायच्या सगळ्यात लहान घरात, आधी एक बिट असायचा, मग दोन. २०१२ च्या सॅमसंग ८४० पासून तीन बिटांच्या टीएलसी डिस्का घराघरात आल्या, २०१८ पासून चार बिटांच्या क्यूएलसी. बिट वाढले तशी किंमत उतरली आणि लिहिण्याचा खरा वेगही. तो झाकायला डिस्कचा एक भाग एका बिटाच्या पद्धतीने झटपट लिहून घेतो, तो झाला एसएलसी कॅशे. लग्नसराईत व्हिडिओ शूटिंगवाला कार्डं रिकामी करायला बसतो तेव्हा हे डोळ्यांसमोर घडतं. कॉपी सुसाट सुरू होते आणि मध्येच आकडा धाडकन कोसळतो. सॅमसंगच्या ८६० क्यूव्हीओच्या १ टीबी डिस्कमध्ये हा कॅशे जास्तीत जास्त ४२ जीबी. तो भरला की वेग सेकंदाला ८० एमबी, हे कंपनीनेच सांगितलेलं आहे. हार्ड डिस्कही याहून जोरात लिहिते! शिवाय डिस्क भरत जाते तसा बऱ्याच डिस्कांत हा कॅशेही आकसतो. स्कॅन केलेल्या पीडीएफनी काठोकाठ भरलेली १२० जीबीची सी ड्राइव्ह रांगते ती यामुळेच. पाचवा हिस्सा मोकळा ठेवणं हा माझ्या मते बाकी सगळ्या सेटिंगांपेक्षा गुणकारी इलाज.

उन्हाचं प्रकरण उरलं. एनव्हीएमई डिस्का (साटाऐवजी थेट बोर्डावर बसणाऱ्या वेगवान एसएसडी) ७०-८० अंशांच्या घरात पोचल्या की स्वतःला वाचवायला वेग उतरवतात. चंद्रपूर, अकोल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात. कूलर आपल्याकडे आणि कॅबिनेट भिंतीला टेकलेलं असलं तर डिस्कला वेगळं सांगावं लागत नाही. पेशीत माहिती धरून ठेवणारा विद्युतभारही हळूहळू सरकतो. सॅमसंग ८४० ईव्हीओवर जुन्या फाइली वाचायला फार वेळ लागतो, हे २०१४ मध्ये त्यातूनच उघड झालं आणि कंपनीला त्याच ऑक्टोबरात आणि पुन्हा एप्रिल २०१५ मध्ये नवं फर्मवेअर (डिस्कच्या आतलं सॉफ्टवेअर) द्यावं लागलं. लिहिण्याची मर्यादा संपलेल्या घरगुती एसएसडीने वीज नसताना ३० अंशांत वर्षभर माहिती टिकवावी, एवढीच जेडेक या चिप उद्योगाच्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे. तापमान वाढलं की मुदत घटते. तेव्हा टिनाच्या छपराखालच्या कपाटात लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ वर्षानुवर्षं ठेवायचे असतील तर त्यासाठी जुनी हार्ड डिस्कच बरी.