परिसर-शोध (शालेय शिक्षण)

परिसर-शोध : शाळेभोवतालच्या वस्तीतील कामधंदे, बोली, पाणी, बाजार आणि हंगाम शिक्षकाने स्वतः फिरून समजून घेणे व त्यानुसार शिकवण्याची आखणी करणे. मुलांची क्षेत्रभेट त्यानंतरची; येथे आधी शिक्षक शिकतो. सहलीशी मात्र याची गल्लत कायम होते, आणि अहवालात फोटो दोन्हींचे सारखेच दिसतात.

गांधीजींच्या नई तालीम विचाराची मांडणी १९३७ मध्ये वर्ध्यात झाली. तिच्या केंद्रस्थानी स्थानिक हस्तव्यवसाय होता. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने शाळेतील ज्ञान बाहेरच्या जगण्याशी जोडण्यावर भर दिला. महाराष्ट्रात प्राथमिक वर्गांना ‘परिसर अभ्यास’ हा विषयच आहे. पण पुस्तकातला परिसर सगळ्यांचा असतो, म्हणून तो नेमका कुणाचाच नसतो.

सांगली जिल्ह्यात हे चटकन कळते. कृष्णाकाठच्या मुलाला ‘पाणी आलं’ म्हणजे पूर. जत-आटपाडीकडे तेच शब्द टँकरचे किंवा म्हैसाळ-टेंभू या उपसा सिंचन योजनांच्या आवर्तनाचे, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळीचे. जलचक्राचा पाठ दोन्हीकडे एकच, सुरुवात मात्र एक ठेवून चालत नाही. सांगली शहरातील मुलांना कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळची ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी तोंडपाठ असते. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर घरोघरी बोलले जातात. पावसाळ्यात रोजची पातळी फळ्यावर मांडली की रेषालेख शिकवायला वेगळे उदाहरण शोधावे लागत नाही. कोयना धरणातून सुटणारे पाणी क्यूसेकमध्ये सांगतात. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. घनफळाचे गणित येथे जिवावरचे असते.

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे हे आणखी एक उदाहरण. जमिनीखालच्या या कोठारांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. बंद पेवात प्राणवायू कमी झालेला असतो, म्हणून ते उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नाही. २००५ च्या पुरात अनेक पेवांत पाणी शिरले. कीड का लागत नाही, माती कोरडी का राहते, हवा का बदलू द्यायची, हे प्रश्न जुन्या हमालाला विचारावेत; विज्ञानाच्या तासाला त्याच्याइतका जाणकार पाहुणा मिळणे अवघड.

तासगाव, कवठेमहांकाळ भागात द्राक्षे रॅकवर वाळवून बेदाणा करण्याची शेड असते. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. सालीवरचा मेणचट थर सैल होऊन पाणी लवकर उडते. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. गुणोत्तर, बाष्पीभवन, भाव, मजुरी सगळे एकाच रॅकवर. या हंगामात काही मुले वर्गात कमी दिसतात. हजेरीपटावर ती नुसती ‘गैरहजर’ असतात. शेडवर जाऊन आलेला शिक्षक निदान त्या आठवड्यात चाचणी ठेवत नाही.

ऊसतोडीच्या काळात प्रश्न उलटा असतो. मराठवाड्यातून आलेल्या टोळ्या फडाजवळ कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) घालतात आणि शाळेचे वर्ष अर्धे झाल्यावर त्यांची मुले वर्गात येऊन पोहोचतात. नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात आणि पैसे टनावर मिळतात. त्या मुलांना टन आणि क्विंटल समजावून सांगण्याआधी त्यांनाच विचारावे.

या पद्धतीच्या मर्यादा पद्धतीपेक्षा शिक्षकाच्या वेळेशी जास्त निगडित आहेत. बदली होते, अनेकजण तालुक्याच्या गावाहून ये-जा करतात, अशैक्षणिक कामे असतातच. दुसरा धोका दाखवण्यापुरते गाव पाहण्याचा. देऊळ, पार, सरपंचांचा वाडा पाहिला आणि गावकुसाबाहेरची वस्ती राहिली, तर नकाशा चुकला. मुलांकडून गावाचा नकाशा काढून घेतला तर कोणती गल्ली कुणी गाळली ते आपोआप दिसते. त्यावर वर्गात लगेच बोट ठेवू नये, आधी स्वतः त्या गल्लीत जाऊन यावे.

जत तालुक्यातील कर्नाटक सीमेलगतच्या गावांत घरी कन्नड आणि शाळेत मराठी अशी मुलेही भेटतात. ‘मुलाला काही येत नाही’ असा शेरा मारण्यापूर्वी शिक्षकाने त्याच्या आजीला विचारून भाकरी, विहीर, मेंढी, पाऊस यांची कन्नड नावे वहीत उतरवून घ्यावीत. उच्चार चुकला की मुले हसतात, दुरुस्त करतात आणि बोलू लागतात.