दोन्हीकडे पाहणारे जर्मन सर्वनाम

'त्याची बहीण' किंवा 'तिचा भाऊ' असे लिहिताना मराठी माणूस व्याकरणाचा विचार करत नाही, पण त्या लहानशा शब्दात दोन स्वतंत्र निर्णय दडलेले असतात. 'त्या' की 'ति' हे मालकाच्या लिंगावरून ठरते, तर 'चा, ची, चे' हे पुढच्या नामाच्या लिंगावरून आणि वचनावरून. जर्मन भाषा नेमके हेच करते. मालक पुरुष असेल तर मूळ रूप 'झाइन', स्त्री असेल तर 'ईअर', आणि पुढे स्त्रीलिंगी किंवा अनेकवचनी नाम आले की दोन्हींना 'ए' लागतो. म्हणून त्याची बहीण ती 'झाइने श्वेस्टर' आणि तिचा भाऊ तो 'ईअर ब्रूडर'. इंग्रजी केवळ मालकाकडे पाहते. तरीही आपण जर्मन शिकताना इंग्रजीचे बोट धरतो आणि 'झाइन श्वेस्टर' म्हणून चुकतो.

विभक्तीतही मराठी कामाला येते. थंडी वाजते तेव्हा जर्मन माणूस 'मीअर इस्ट काल्ट' म्हणतो, आणि त्यातला 'मीअर' म्हणजे सरळ आपला 'मला'. इंग्रजीवरून उचललेले 'इश बिन काल्ट' मात्र 'मी भावनाशून्य आहे' अशा अर्थाकडे झुकते. अडचण पुढे येते, कारण आपल्या एका 'मला'साठी जर्मनमध्ये दोन शब्द आहेत: तो मला पाहतो यात 'मिश', तो मला मदत करतो यात 'मीअर'. कोणते क्रियापद कोणती विभक्ती मागते, हे क्रियापदासोबतच पाठ करावे लागते. 'माझा' या शब्दाचेही तसेच. मराठीत 'माझ्या' हे एकच सामान्यरूप भावाला, बहिणीला, मुलांना सगळ्यांना चालते. जर्मनमध्ये भावाला पाहताना 'माइनेन', त्याला मदत करताना 'माइनेम' आणि बहिणीला मदत करताना 'माइनर'. चार विभक्ती, तीन लिंगे आणि अनेकवचन मिळून तक्त्यात 16 घरे होतात, पण वेगळी रूपे केवळ 6 भरतात, हा त्यातल्या त्यात दिलासा.

आदरार्थी बहुवचनाची सवय मात्र सोडावी लागते. 'माझे वडील आले, ते दमले आहेत' हे जर्मनमध्ये एकवचनीच राहते: 'माइन फाटर', आणि नंतर 'एअर', म्हणजे 'तो'. आदर दिसतो तो समोरच्याशी बोलताना, 'झी' या शब्दात. तोच 'झी' 'ती' या अर्थाने येतो आणि अनेकवचनी 'ते' या अर्थानेही. 'ईअर'चा पसारा त्याहून मोठा: तिला, तिचा, त्यांचा, तुम्ही आणि आदरार्थी आपला. लेखनात आदरार्थी रूपांचे पहिले अक्षर नेहमी मोठे असते, बोलताना क्रियापद आणि संदर्भ यांवरच भिस्त.

वस्तूंनाही 'तो' किंवा 'ती' म्हणण्यात आपल्याला नवल नाही, फक्त लिंगे जुळत नाहीत. तिकडे सूर्य 'ती' आहे. मुलगी या अर्थाचा 'मेडशेन' नपुंसकलिंगी आहे, कारण 'शेन' हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागला की नाम नपुंसकलिंगी होते. 'पोरगं' म्हणणाऱ्यांनी यावर हसू नये.

एका ठिकाणी मराठी अधिक नेमकी आहे. 'पेटर हान्सला आणि आपल्या बायकोला भेटला' यात बायको पेटरची, 'त्याच्या' म्हटले तर हान्सची. जर्मन 'झाइने' इथे दोघांपैकी कोणाचीही असू शकते. हान्सचीच सांगायची असेल तर 'डेसेन' हा शब्द वापरतात, आणि त्याचे रूप पुढच्या नामाप्रमाणे बदलत नाही.